रबरी मुठीची पक्कड

दुकानातल्या गमतीजमती लिहा, असा मला आग्रह झालाय. गमती होत्या, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर दुकानात बसले तितकी वर्षं मी मुख्यतः भ्यायले. हत्यारं विकणाऱ्या बाईनं असं म्हणावं यावर लोक हसतात. आमच्या ओळीतले दुकानदारही हसायचे. त्यांनी माझं नावच भित्र्या वहिनी ठेवलं होतं, आणि एखाद्या गिऱ्हाइकाला फार चौकशा करायच्या असल्या की ते त्याला माझ्याकडे पाठवून द्यायचे.

आमचं दुकान द्वारका नावाच्या चौकाजवळ, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ओळीत. सासऱ्यांनी सुरू केलेलं. पाने, पकडी, कानशी, करवती, हातोडे असा सगळा माल. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा दुकान विकायचं की ठेवायचं यावर घरात खल सुरू झाला. आमच्या ह्यांची नोकरी कायम होती, ती सोडून गल्ल्यावर बसायची त्यांची तयारी नव्हती. निर्णय होईपर्यंत चार दिवस मी बसते म्हणाले, आणि मग शटर कायमचं ओढलं तोवर मीच बसले. निर्णय काही झाला नाही. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, शेठ कुठं गेले? मी म्हणायची, शेठ समोरच बसलेत, बोला.

नव्वदनंतर बाजारात ती नवी वस्तू आली. मिटली की मुठीत मावेल अशी पक्कड, आणि तिच्या दोन्ही दांड्यांत घड्या घालून बसवलेला चाकू, पेचकस, करवत, कात्री, कानस, डबा उघडायचं पातं. इंग्रजी जाणणारे मल्टीटूल म्हणायचे, बाकीचे ऑल-इन-वन. काचेच्या कपाटात ठेवली की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबायचाच. पुरुषांना त्या वस्तूचं इतकं वेड का असतं, हे मला अजून कळलेलं नाही. घरात खिळा ठोकायला सांगितलं तर चार रविवार जातात, पण सतरा पात्यांची पक्कड हातात आली की चेहरा उजळतो.

गंगापूर रोडचे एक निवृत्त गृहस्थ आले होते. निवृत्तीनंतर भटकायचं ठरवलं होतं त्यांनी. सगळ्यांत जास्त पाती असलेलं दाखवा म्हणाले. मी दाखवलं. त्यात माशाचे खवले काढायचंही एक पातं होतं. मी विचारलं, मासे खाता का? छे छे, अंडंही नाही, ते म्हणाले. मग हे पातं कशाला वाहून नेता, तर म्हणाले, असू द्या, वेळ काय सांगून येते? नेलं त्यांनी. महिन्याभरानं परत आले आणि छोटं मागू लागले, कारण त्या मोठ्याच्या वजनानं पट्टा खाली ओढला जायचा आणि म्हणून ते घरीच राहायचं. हा या धंद्यातला पहिला धडा. जे जड आहे ते घरी राहतं, आणि घरी राहिलेलं हत्यार डोंगरावर कामाला येत नाही. दुसरा धडा असा की पाती जितकी जास्त तितकं प्रत्येक पातं बारीक. बारीक पेचकस घट्ट स्क्रूला लावला की तो पिळवटतो.

पण माझी भीती सुरू झाली ती एका ट्रकड्रायव्हरपासून. मी बसायला लागून फार दिवस झाले नव्हते. त्यानं कपाटातली एक स्वस्त पक्कड मागून घेतली, चाकू उघडला आणि धार बघायला म्हणून माझ्या टेबलाच्या लाकडी कडेवर दाबला. चाकूला खटका नव्हता. खटका म्हणजे उघडलेलं पातं उघडंच अडकवून ठेवणारी कळ. ती नसल्यानं पातं उलटं मिटलं आणि त्याच्याच बोटांवर आलं. रक्त बिलांच्या पुस्तकावर, गल्ल्यावर, माझ्या पदरावर. माणूस धिप्पाड होता, पण पांढरा पडला. मी त्याच्यापेक्षा जास्त पांढरी पडले असणार. बोटं वाचली, पण त्या रात्री मी डोळे मिटले की ते पातं मिटायचं. पुढं कित्येक दिवस मला भाजी चिरायची भीती वाटत होती.

तेव्हापासून मी टेबलाशेजारी एक फळी लावली. सागाची, रुंद. तिच्यावर जाड तारेचा तुकडा, गंजलेला स्क्रू, ठिबकच्या नळीचा तुकडा, दोरीची गाठ, पत्र्याचं झाकण असं सगळं ठोकून ठेवलं. माझा नियम असा, की ज्या कामासाठी हत्यार घेताय ते काम आधी फळीवर करून दाखवा, आणि तेही उलट्या हातानं. डावरा असेल तर उजव्या हातानं. कारण नेमक्या वेळी सुलटा हात कशात तरी गुंतलेला असतो, फांदीत नाहीतर कड्यावरच्या खोबणीत. उलट्या हातानं जे उघडत नाही ते घेऊ नका, मी सांगायची. गडावर जाणारी कॉलेजची मुलं फळीवर खिदळायची. नखं तुटली की गप्प व्हायची आणि ज्याची पाती दांड्या न उलगडता बाहेरूनच अंगठ्यानं उघडतात ते घेऊन जायची. काही गिऱ्हाइकं मात्र कंटाळून शेजारी जायची. आमचे हे म्हणायचे, तू दुकान चालवतेस की परीक्षा घेतेस? मी म्हणायची, नापास करते ती इथंच करते.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

ऑक्टोबर छाटणी उरकल्यानंतरचे दिवस होते. दिंडोरीकडचे द्राक्षवाले या दिवसांत फार घाईत असतात. औषधाच्या फवारण्या एकावर एक, आणि बागेला पाणी वेळेवर मिळायला हवं. त्यात विजेचा खेळ. लोडशेडिंगमुळे शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, आणि तेही वेळापत्रक पाळेलच असं नाही. रात्री थंडीत उठून विहिरीवर जायला नको म्हणून बहुतेकांनी पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला ऑटो बसवलेलं असायचं. म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू. नियमात ते बसत नव्हतं, पण ज्याची झोप रोज मोडते त्याला नियम कोण सांगणार?

माझ्याकडे एक गिऱ्हाईक यायचं. मी माणसं नावानं ओळखत नसे, गावावरून किंवा कामावरून ओळखायची. ह्याला मी पाटावरचे दादा म्हणायची, कारण त्याचा मळा कालव्याच्या पाटाला लागून होता. शाळेच्या पुढं मोरी, मोरीला लागून मळा, असा पत्ता तो दर वेळी सांगायचा आणि द्राक्षं खायला या म्हणायचा. चाळिशीचा, हसतमुख, अंगात सतत घाई. त्या दुपारी तो ऑल-इन-वन घ्यायला आला. मांडवाच्या तारा तोडायला, नोझल साफ करायला, ट्रॅक्टरचा एखादा स्क्रू आवळायला, सगळ्याला एकच पाहिजे म्हणाला. जुनी पक्कड सोबत आणली होती, लाल जाड मुठींची, वायरमन वापरतात तशी. तिचं तोंड बोथट झालं होतं.

फळीवर त्यानं सगळं उलट्या हातानं झटक्यात करून दाखवलं. मी मनात म्हटलं, हा पास. त्यानं निवडली तीही चांगली होती. खटका मजबूत, पोलाद न गंजणारं, दांड्यांवर काळं रबर. पैसे देता देता तो सहज बोलून गेला की शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून स्टार्टरचे पॉइंट, म्हणजे पेटीत एकमेकांना टेकून करंट जोडणारे तुकडे, घेतलेत, जुने जळालेत, घरी गेल्या गेल्या बदलायचेत. आज लाइट रात्री यायची हाय, तोवर निवांत काम.

मी त्याला बसवलं. चहा मागवला. दादा, म्हटलं, हे रबर हातातून सटकू नये म्हणून असतं, करंटसाठी नसतं. हे बघा, दांडीवर हे खिळे उघडे आहेत, ही खिशाला अडकवायची पट्टी उघडी आहे, सगळं लोखंड एकमेकांत. विजेच्या कामाला ही तुमची जुनी लाल मुठीचीच. आणि तीसुद्धा मेन स्वीच पाडल्यावर. त्यानं मान डोलावली. बरोबर हाय ताई, म्हणाला. ज्याला पटलेलं असतं तो एवढ्या चटकन मान डोलावत नाही, हे मला त्या टेबलानं शिकवलं होतं. चहा संपवून तो गेला.

थोड्या वेळानं मी फळी पुसायला गेले तर फळीवर त्याची जुनी लाल पक्कड पडलेली.

मी ती हातात घेऊन उभी राहिले. तो विसरला हे खरंच, पण का विसरला हे मला लख्ख दिसत होतं. खिशात सगळी कामं करणारी वस्तू आली की बाकीच्या हत्यारांवरचं लक्षच उडतं. या वस्तूतली खरी भीती चाकूची नाही, ती ही आहे. आता तो घरी जाणार, स्टार्टरची पेटी उघडणार आणि त्याच काळ्या रबरी मुठीच्या पकडीनं नट सोडवणार. मेन पाडणार नाही, कारण लाइट गेलेली आहे म्हणजे करंट नाही, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. आणि ऑटो लावलेलं असणार, म्हणजे वीज आली की पेटीत हात असतानाच सगळं चालू.

मी पक्कड घेऊन इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. तिथले शेठ हसले. वहिनी, ते लोक जन्मभर मोटारी हाताळतात, तुमची पक्कड उद्या येऊन घेऊन जातील, म्हणाले. त्यांच्याकडे त्याचा फोन होता का? नव्हता. मळ्यात फोन कुठला. मी परत येऊन बसले. एका गिऱ्हाइकाला कानस दाखवली, दुसऱ्याला काय दाखवलं आठवत नाही. लोक हसतील ही एक भीती आणि तो माणूस मरेल ही दुसरी, आणि लाज वाटते सांगायला, पण काही वेळ पहिली मोठी होती. मग मी शटर ओढलं.

माझ्याकडे लूना होती. ती मी घर, दुकान आणि फार तर पंचवटीपर्यंत चालवायची. दिंडोरी रोडला मी कधी एकटी गेले नव्हते. म्हसरूळ मागं पडलं आणि मोकळा रस्ता लागला तशी प्रत्येक ट्रक मला कडेला ढकलत होता. टोमॅटोच्या गाड्या बाजाराकडे सुसाट येत होत्या. चढावर लूना रडायला लागली तेव्हा मी तिच्याशी मोठ्यानं बोलत होते. सगळ्या वाटेवर मी डावी-उजवीकडे घरं बघत होते, कुठं दिवा लागलाय का, कुठं मोटारीचा आवाज येतोय का. कुठंच नव्हता. वीज आलेली नव्हती. तेवढ्याच आधारावर मी चालवत राहिले.

शाळा सापडली, मोरी सापडली. मळ्याच्या तोंडाशी घर होतं आणि अंगणात एक बाई औषधाचे ड्रम धूत होती. ती त्याची बायको, मंदाबाई. मी धापा टाकत विचारलं, दादा कुठंत? तिनं बागेच्या पलीकडे बोट दाखवलं. द्राक्षाचा मांडव संपतो तिथं विहीर, विहिरीवर पत्र्याची खोली. दार उघडं होतं आणि आत त्याची पाठ दिसत होती. वाकलेला होता.

मधे सगळी बाग. सकाळच्या फवारणीनं आणि ठिबकनं चिखल झालेला, तारा आडव्या, आणि बांधावरून जायचं तर मोठा वळसा. मी तिथूनच ओरडले, दादा, ओ दादा. काही उपयोग झाला नाही. त्या शिवारात प्रत्येक जण कुणाचा तरी दादा असतो. मी मंदाबाईला सांगितलं, त्यांना बाहेर बोलवा, आत्ताच्या आत्ता, पेटीतून हात काढायला सांगा. माझा चेहरा बघून ती घाबरली. तिनं तोंडाला हात लावून हाक दिली, अहो, ऐकलं का? आतून आवाज आला, आलो आलो, एवढं एक नट. पाठ हलली नाही. तिनं पुन्हा हाक दिली, पुन्हा तेच उत्तर. ती हाक रोजचीच होती. जेवायला, चहाला, कुणी आलं तर. त्या हाकेला कामं उरकूनच यायचं असतं.

मी म्हटलं, नावानं हाक मारा.

ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या घाईतही तिनं पदर डोक्यावर ओढला. नाव कसं घेऊ, हळूच म्हणाली. मी म्हटलं, मग मला सांगा, मी ओरडते. तेही तिच्या तोंडून निघेना. मी स्वतः लग्नाला वीस वर्षं होऊन ह्यांना कधी नावानं हाक मारलेली नव्हती, तरी त्या बाईला मी दंडाला धरून हलवलं. ती लाल पक्कड माझ्या हातात होती. म्हटलं, बाई, तुमचा माणूस मरेल हो.

मंदाबाईनं डोळे मिटले आणि ओरडली, "भाऊसाहेब! ए भाऊसाहेब!"

खोलीतली पाठ ताठ झाली. तो वळला. पकडीचं तोंड नटावर तसंच अडकवलेलं सोडून तो दाराबाहेर आला, कपाळावर हात धरून आमच्याकडे बघायला लागला. दोन पावलं पुढं आला. तोंडावर राग नव्हता, नवल होतं.

आणि वीज आली.

आधी लांबून, पाटाच्या वरच्या अंगाला एक मोटार घरघरली. मग तिच्या अलीकडची. मग त्याच्या शेजाऱ्याची. एका पाठोपाठ एक, माणसाचा हात न लागता, सगळ्या शिवारातल्या मोटारी सुरू होत आमच्या दिशेनं आल्या. त्याच्या खोलीत मात्र मोटार सुरू झाली नाही. फाट्‌कन आवाज झाला, दारातून निळा-पांढरा लोळ दिसला आणि मग धूर. त्याची पाठ आता धुराकडे होती आणि तोंड आमच्याकडे. तो स्वतःचे हात बघत होता, उलटेसुलटे करून.

मंदाबाई खाली चिखलातच बसली. मी तारांखालून वाकून, साडी फाडून घेत त्याच्यापर्यंत गेले, ती का गेले ते मलाही माहीत नाही. आता करण्यासारखं काही नव्हतं. मी लाल पक्कड पुढं केली आणि माझ्या तोंडून निघालं, तुमची ही राहिली होती दुकानात. त्यानं ती घेतली. मग बायको चिखलातून उठून आली तेव्हा तिला म्हणाला, "तू नाव घेतलं म्हनून आलो. म्हटलं, घरात काय अवचित झालं."

नंतर त्यानं माझी लूना टोमॅटोच्या पिकअपमध्ये चढवून दिली. रात्रीची लाइट आत्ताच कशी आली, असं तो ती चढवताना पुन्हा पुन्हा विचारत होता. कुणाला विचारणार? घरी मी ह्यांना सगळं सांगितलं. एका पकडीसाठी दिंडोरीला गेलीस, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढचं ऐकलं तसे जेवण अर्धवट ठेवून उठले आणि आमच्या जिन्याखालचा मेन स्वीच बघून आले. तो बघून काय मिळवलं ते मी विचारलं नाही.

द्राक्षांची तोडणी सुरू झाली तेव्हा मंदाबाई दुकानात आली, एकटी. एका हातात द्राक्षांची पेटी, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं सोडलं तर आत तीच पक्कड. तोंडाचा अर्धा भाग वितळून गोळा झालेला, रबर जळून दांड्यांना चिकटलेलं, खिळे उघडे पडलेले. तिनं ती माझ्या फळीवर ठेवली.

"ताई, ही इथं ठोका," ती म्हणाली. "आमच्यात भ्यालेल्या मानसाला हसत्यात. ह्या पुरुषांना जरा भ्यायला शिकवा."

मी ती ठोकली, सगळ्यांत वर. शटर कायमचं ओढेपर्यंत ती तिथं होती. कित्येकांनी तिची किंमत विचारली. पुढं मोबाईल आले, पकडी आणखी छोट्या झाल्या, कुणाला फळीवर काम करून दाखवायला वेळ राहिला नाही. माझं ऐकून किती जणांनी खटक्याचा चाकू घेतला आणि किती जणांनी मेन पाडला, मला माहीत नाही. जे माझं न ऐकता गेले त्यांची आठवण येते, आणि ती आठवण चांगली नसते.

भाऊसाहेब आजही द्राक्षं पाठवतात. मंदाबाई त्यांना आता नावानं हाक मारते का, हे मी कधी विचारलं नाही. माझं मात्र बदललं. घरातली वीज गेली आणि परत आली की गल्लीतली पोरं आली आली म्हणून आरडाओरडा करतात. मी तेव्हा आहे तिथं उभी राहते आणि घरातल्या प्रत्येकाला नावानं हाक मारते, ह्यांनासुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे हातातला वर्तमानपत्राचा कागद तसाच टाकून दचकून बाहेर आले होते. काय झालं म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, बाहेर आलात ना, बास.